श्रीपतची दाढ

"घ्या, खुर्चीसुद्धा आली त्याची," बायको सत्यवती दारातूनच म्हणाली आणि श्रीपतच्या उजव्या दाढेतून सणकन कळ गेली.

माणिकपूरच्या रस्त्यापलीकडे, हिलरीच्या दवाखान्यापुढे बैलगाडी थांबली होती. चौघांनी मिळून खुर्ची उतरवली. मागे रेलणारी, मुंबईच्या दातांच्या डॉक्टरांकडे असते तशी. श्रीपतकडे पेशंटला बसायला एक लाकडी स्टूल होतं आणि फळीवर काचेची बरणी, आजवर उपटलेल्या दातांनी गळ्यापर्यंत भरलेली. दात ठणकायला लागला की लोक ती बरणी बघून आत यायचे. अलीकडे तेच लोक रस्ता ओलांडायला लागले होते.

हिलरीच्या हातात पहिल्यांदा पकड दिली ती श्रीपतनेच. सहा वर्षं हाताखाली राहून पोरगा नेमका समोर जाऊन बसला, तो आपल्या डोळ्यांत खुपावं म्हणूनच, असं श्रीपतचं ठाम मत होतं. पांढरा कोट काय, बधिर करायची सुई काय, आता ही खुर्ची. माणसाने बघायचं तरी किती? त्याची स्वतःची दाढ किडीने पार पोखरली होती. अख्ख्या वसईत ती काढू शकेल असा दुसरा एकच हात होता, आणि त्या हातासमोर तोंड उघडण्यापेक्षा लवंगा चावत जन्म काढायची त्याची तयारी होती.

त्यात सरकारचा नवा कायदा आला. डिग्री नसलेल्या दातवाल्यांनी मुंबईला जाऊन परीक्षा द्यायची. पास झाला तर धंदा चालू, नाहीतर पाटी उतरवायची. परीक्षेत असतं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हिलरी मात्र सगळं विचारून आला होता.

"जाऊन विचारा की त्याला," सत्यवती म्हणाली.

"त्याला? माझ्या हाताखालच्या पोराला?"

तरी गेला. खुर्ची बघायचं निमित्त केलं. हिलरीने त्याला खुर्चीतच बसवलं. श्रीपत अगदी कडेला टेकला.

"दोन भाग हायत, काका," हिलरी म्हणाला. "एक तोंडी. दातांची मुळं, औषधं, काय वाट्टेल ते इचारतात. दुसरं प्रॅक्टिकल. त्यात नुसता दात काढून भागत नाय. हत्यारं उकळली का, सुई नीट दिली का, सगळ्याला वेगळे मार्क. दुखलं का, ते शेवटी पेशंटलाच इचारतात. आनि पेशंट आपला आपन न्यायचा."

"प्रॅक्टिकलला भरपूर पडले तर तोंडीचं भागेल ना?"

"नाय काका. दोन्हींत वेगळं पास व्हायला लागतं. हिकडचे मार्क तिकडे लावत नायत. तुमी संध्याकाळी बसा माझ्याकडे, मी सांगतो सगळं."

श्रीपत गालातल्या गालात हसला. पोरगा आपल्याला घाबरवतोय, परीक्षेलाच बसू नये म्हणून. मार्क म्हणजे मार्क, त्यांची बेरीज होणारच. संध्याकाळी तो काही गेला नाही.

पेशंटची गोष्ट मात्र त्याला पटली, कारण पाचूबंदरची मासेवाली मॅग्डलीन समोर रोज दिसायला लागली. हिलरी तिला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावून हिरडीची सूज उतरवत होता. तिची दाढ श्रीपतने पूर्वी पाहिली होती. किडलेली, पण सरळ मुळांची, जणू परीक्षेसाठीच घडवलेली. दाढसुद्धा मेली त्याच्याच नशिबात!

परीक्षेच्या दिवशी पहाटेच श्रीपत पाचूबंदरला हजर.

"हिलरीनं पाठवलंय मला. तो मागल्या गाडीनं येतोय."

"कोनीबी न्या. दात निघाला म्हंजे झाला," मॅग्डलीन म्हणाली आणि टोपली जावेच्या हवाली करून निघाली.

मुंबईत पोचल्यावर तिने विचारलं, "हिलरी कुठं हाय?"

"येईल. तवर मीच काढतो. वर कवळी फुकट बसवून देतो."

मॅग्डलीनने जरा विचार केला आणि तोंड उघडलं. दाढ झकास निघाली. परीक्षकाने मान डोलावली. मग तोंडी झाली. दाढांची मुळं विचारली तेव्हा श्रीपतने नुसतं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. औषध विचारलं तेव्हा म्हणाला, "लवंग."

दुपारी कारकुनाने निकाल सांगितला. प्रॅक्टिकलला उत्तम, तोंडीत नापास.

"साहेब, हिकडले थोडे तिकडे लावा ना."

"दोन्हींत वेगळं पास व्हावं लागतं. कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

"सांगितलं होतं," श्रीपत म्हणाला.

हिलरी व्हरांड्यात उभा होता. मॅग्डलीनची वाट बघण्यात त्याच्या दोन गाड्या चुकल्या होत्या. कशीबशी तोंडी गाठून तो पास झाला होता. आता तिच्या गालातला कापसाचा बोळा त्याने पाहिला.

"तूच धाडलंस ना रं ह्यांना?" मॅग्डलीनने विचारलं.

हिलरीने श्रीपतकडे पाहिलं. "हो मावशी. मीच धाडलं."

श्रीपतच्या अंगाची लाही लाही झाली. आता चांगुलपणासुद्धा ह्याच्याचकडे!

"हिलरी! पेशंट कुठाय?" कारकून ओरडला. "नाही? मग पुढच्या वर्षी."

श्रीपतला आनंद झाला, खोटं कशाला बोला. दोन्ही पाट्या एकदमच उतरणार होत्या. तेवढ्यात त्याची दाढ ठणकली.

"मी हाय पेशंट," तो उठून म्हणाला.

दयेपोटी उठला म्हणावं, तर तसंही नाही. लोक ज्याच्यासाठी रस्ता ओलांडतात त्या हातात आहे तरी काय, ते त्याला बघायचं होतं. आणि दुखायला हवं होतं. चांगलं कळवळून दुखायला हवं होतं.

तो तिथल्या खुर्चीत मागे रेलला. सुई टोचली ती कळलीसुद्धा नाही. हिलरीचा डावा अंगठा जबड्याखाली आला, श्रीपतने शिकवला होता तिथेच. श्रीपत डोळे मिटून कळेची वाट बघत राहिला. भांड्यात टण्ण आवाज झाला.

"दुखलं?" परीक्षकाने विचारलं.

हिलरी पाठमोरा होऊन हात धूत होता. त्याने नळ बंद केला, पण वळला नाही. श्रीपतच्या एका शब्दावर त्याचे मार्क होते, त्याची पाटी, ती खुर्ची, सगळंच होतं. श्रीपतने रक्त थुंकलं. दुखलं असतं तर किती बरं झालं असतं!

"नाय," तो म्हणाला. "अजिबात नाय दुखलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकान उघडलं. कापसात गुंडाळलेली स्वतःची दाढ खिशातून काढून बरणीत टाकली. झाकण बसेना, तेव्हा तळहाताने दाबून बसवलं.

"मॅग्डलीन आली होती," सत्यवती म्हणाली. "कवळीचं विचारत होती."

"समोर जा म्हणावं."

मग पेशंटचं स्टूल त्याने दाराबाहेर आणून ठेवलं. सत्यवतीने ते न सांगता दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि श्रीपत पाटी उतरवायला वर चढला.