सतरा नंबरचं उत्तर

ज्या सोमवारी मावशी गेली, त्या सोमवारी तिचा नवरा मुलींच्या वसतिगृहात बेसिनखाली आडवा पडून गळका पाइप आवळत होता. विद्यापीठाचा नळवाला तो. मासिकाची संपादिका दारात येऊन उभी राहिली. एरवी लांबूनच "काका" म्हणून हाक मारणारी पोरगी, आज दारापर्यंत येऊन हळूच बोलली.

"काका, खाली चला."

"एवढं आवळतो नि येतो."

त्याने पाइप आवळला, पाणी सोडून पाहिलं, पाना पुसून पिशवीत ठेवला. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशवी तिथेच टाकून जिन्याकडे धावला.

मावशी टाइप करता करता टेबलावर डोकं टेकून गेली होती. मुलींना वाटलं, डुलकी लागली. "मावशी, घोरू नका, कविता चालू आहे," असंही कविता वाचणारी म्हणाली होती. ती पोरगी पुढे कितीतरी दिवस धड जेवली नाही.

बायकांचं हे मासिक विद्यापीठातल्या मुलीच चालवत. जिन्याखालची खोली, दोन टेबलं, दार लागत नाही म्हणून कागदाची घडी खोचलेलं कपाट. मुली तीन वर्षांनी बदलत, मावशी बावीस वर्षं तिथेच. अग्रलेख कोणी लिहायचा यावरून पोरी एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बाकी राहत, आणि ते सगळं तिच्या टेबलासमोर चालायचं. शेवटच्या पानावरचं 'मनातलं' हे सदर मात्र तिचं होतं. जिला कुणाजवळ बोलता येत नाही असं काही विचारायचं असेल, ती मावशीला एकटी भेटायची. मावशी तिला नंबर द्यायची. पुढची पत्रं दाराजवळच्या पेटीत, नुसता नंबर घालून, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलेली. उत्तर अंकात, त्याच नंबराखाली. कोणता नंबर कोणाचा, हे कुठेही लिहायचं नाही असा नियम होता. पूर्वी एकदा यादी भलत्याच्या हाती लागली आणि एका मुलीला घरी मार बसला. तेव्हापासून यादी मावशीच्या डोक्यात. घरी नवऱ्यालाही तिने कधी एक नाव सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

अंक दहा तारखेला निघाला. मुलींनी रडत रडत काढला. 'मनातलं' त्यांनी वगळलं आणि त्या पानावर मावशीचा फोटो छापला. तिच्या जागी दुसऱ्या कुणी उत्तरं देणं त्यांच्या जिवावर आलं. पेटीची किल्ली कुठे आहे, हेही कुणी विचारलं नाही. किल्ली नळवाल्याकडे होती, दवाखान्यातून मिळालेल्या पिशवीत, तिच्या बांगड्यांबरोबर. ती पिशवी उघडायचं त्याला धाडस होईना.

पंधरा तारखेला त्याने किल्ली आणून दिली. पेटीत एकच पत्र होतं, मावशी गेली त्याच्या आदल्या शनिवारचं. संपादिकेने ते मनात वाचलं, मग मोठ्याने वाचलं.

"मावशी, तुम्ही म्हणालात तसं घरी बोलून पाहिलं. कोणी ऐकत नाही. तेरा तारखेला वडील न्यायला येणार, मग लग्न. तुमच्या घरातली मागची खोली मला देता येईल म्हणाला होतात, ते काकांना विचारलंत का? आता मी तुम्हाला भेटायला येऊ शकत नाही, माझ्यावर नजर आहे. अंकात नुसतं 'हो' छापा. 'हो' दिसलं तर बाराला सकाळी तुमच्याकडे येईन. सतरा."

संपादिकेने पत्राची घडी घातली आणि नळवाल्याकडे पाहिलं.

"काका, मावशींनी विचारलं होतं तुम्हाला?"

"विचारलं होतं. एक पोरगी येईल म्हणाली राहायला, मागची खोली रिकामी करू या का. मी म्हटलं, बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू, बाई. माझे पाइप असतात तिथे." तो स्टुलावर टेकला. "नाही म्हणालो नव्हतो मी."

"हो तरी कुठे म्हणालात?" कवितेवाली बोलून गेली आणि मग तोंड फिरवून बसली.

"त्यांना कशाला बोलतेस?" संपादिका म्हणाली. "तिने अंक उघडला असेल 'हो' बघायला. आम्ही फोटो छापला."

संपादिका आणि नळवाला वसतिगृहाच्या बाईंकडे गेले. तेराला कोण गेलं, असं विचारलं.

"सत्र संपलं ना," बाई म्हणाल्या. "साठ जणी गेल्या. सगळ्यांचेच बाप आले होते. तुम्हाला कुठली हवी?"

सुट्टी संपली. साठातल्या अकरा जणी परत आल्या नाहीत. अकरांचे पत्ते कचेरीतून मिळाले, पण पत्र टाकायला कुणाचा हात धजेना.

"सगळ्यांना पाठवू. 'हो' एवढंच."

"आणि बापाने फोडलं तर? कसलं हो, कुणाला हो? तिची धडगत नाही, आणि बाकीच्या दहा जणींना फुकटचा ताप."

"मग काय, पत्ते पाठ करत बसायचं?"

"मी जातो," नळवाला म्हणाला. "नळ बघायला आलोय म्हणतो."

"काका, न बोलावता आलेला नळवाला जगात कुणी पाहिलाय का?"

त्याला हसू आलं. मुलीही हसल्या, कितीतरी दिवसांनी. मग त्या हसण्याचीच सगळ्यांना लाज वाटली.

तरी तो एका घरी गेला, सगळ्यात जवळच्या. दारात एक बाई धान्य निवडत होती. कोण हवंय, तिने विचारलं. मुलीचं नाव त्याला पाठ होतं, पण ती बाहेर आली तर विचारणार काय? सतरा नंबर तू का, असं आईदेखत? घर चुकलं म्हणाला आणि आल्या पावली परतला.

घरी येऊन त्याने मागच्या खोलीतले पाइप अंगणात काढले, भिंतींना रंग दिला, खाट टाकली. दाराला आतून कडी नव्हती, ती बसवली. मुली आता प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर "सतरा: हो" एवढंच छापतात. नव्या आलेल्या मुली विचारतात, हे काय आहे. जुन्या सांगत नाहीत.

कुणी आलेलं नाही. ती कोण, ते कळलेलं नाही. दहा घरी जायचं राहिलं आहे.