मी म्हणालो, बस

विश्वास ठेवायचा झालाच तर तुम्ही कोणावर ठेवाल? ज्याच्या हातून आजवर काहीच बिघडलं नाही त्याच्यावर, की बिघडलं तेव्हा ज्याने समोर येऊन सांगितलं त्याच्यावर? घाई नाही, सावकाश ठरवा. तोवर मी माझी हकीकत सांगतो.

मी तेलाचा नट बोलतोय. गाडीच्या इंजिनाखाली तेलाचं चेंबर असतं, त्याच्या तळाशी माझी जागा. मला सोडवलं की जुनं तेल खाली पडतं, मला बसवलं की नवं तेल वर राहतं. काम एवढंच. अंगठ्याएवढा माझा जीव, पण मी जागा सोडली तर अख्खं इंजिन जळून जाईल.

पोलादाच्या सळीतून मला कापलं, अंगावर आटे पाडले आणि शंभर भावंडांबरोबर एका खोक्यात भरलं. ते खोकं स्पेअर पार्टच्या दुकानात दोन वर्षं पडून होतं. माझं शिक्षण झालं ते तिथेच. दुकानदार गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचाच नाही, हाताकडे बघायचा. वस्तू नुसती उचलून खाली ठेवणाऱ्याला तिचे गुण सांगत बसायचा. नख लावून बघणाऱ्यापुढे मात्र गप्प. एकदा एका गॅरेजचे मिस्त्री आले, त्यांनी माझ्या आट्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "हा चालेल." दुकानदार हूं की चूं न करता पुडी बांधायला लागला.

मला घर मिळालं ते लाँड्रीवाल्या ताईंच्या व्हॅनमध्ये. ताई तीन दवाखान्यांच्या चादरी धुऊन, इस्त्री करून पोचवतात. गाडीभर साबणाचा वास, माझ्या वाट्याला तेवढं तेल. चेंबर ॲल्युमिनियमचं होतं. मी पोलादी, ते मऊ. आमच्यात ओढाताण झाली तर फाटणार ते, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मिस्त्रींची एक पद्धत होती. नवं तांब्याचं वॉशर माझ्या गळ्यात घालून ते मला आधी नुसत्या बोटांनी आत फिरवायचे. मग पाना. शेवटच्या पाव फेऱ्याला डोळे मिटून घ्यायचे. वॉशर चपखल दबलं की पान्यातून त्यांच्या हाताला कळायचं. त्याला ते म्हणायचे, "नट बस म्हणाला."

एकदा एक गिऱ्हाईक वाकून म्हणालं, "मिस्त्री, अजून थोडा आवळा की. आवळायचे वेगळे पैसे घेता का?"

मिस्त्री गाडीखालूनच म्हणाले, "तो बस म्हणालाय. आता आग्रह केला तर उठून जाईल."

अशी नऊ वर्षं गेली. दर खेपेला मी बस म्हणायचो आणि त्यांना ऐकू यायचं.

त्या सकाळी ताई गाडी लावून गेल्या. दुपारी घेऊन जाणार होत्या, कारण तिसरा दवाखाना घाटापलीकडे आणि चादरी त्याच दिवशी पोचायला हव्या होत्या. जाताना त्यांनी विचारलं, "घाट उतरायचाय, मिस्त्री. काळजी नाही ना?"

"अजिबात नाही."

"तुम्ही म्हणालात ना, मग झालं," म्हणून त्या गेल्या.

मिस्त्रींनी तेल काढलं, मला पुसलं, वॉशर घातलं, बोटांनी फिरवलं. पाना लावला, डोळे मिटले. वॉशर दबलं. मी म्हणालो, बस.

पाना थांबला नाही.

मी पुन्हा म्हणालो. पाना अजून पाव फेरा पुढे गेला. मग एकाएकी तो हलका झाला. चेंबरचे आटे सोलून निघाले होते आणि त्यांची चंदेरी तार माझ्या अंगाला गुंडाळली गेली होती. मी आत नुसताच फिरत होतो.

मिस्त्रींनी मला बाहेर ओढून काढलं. आणि मग त्यांनी जे केलं ते मी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप आणली, माझ्याभोवती चार वेढे दिले, वरून डिंकासारखा चिकट मसाला लावला आणि मला आत दाबून बसवलं. वरून नवं तेल ओतलं. हात पुसत बाहेर आले आणि चहा न पिता नुसतेच बसून राहिले.

तासाभराने मिस्त्रींची लेक आली. गॅरेजचं वायरिंगचं काम ती बघते. फरशीवर रुपयाएवढा डाग पाहून ती थांबली.

"बाबा, ही गळती कुठली?"

"जुनं तेल असेल. पुसायचं राहिलं असेल."

तिने बोट टेकवून उजेडात धरलं. "जुनं काळं असतं. हे मधासारखं आहे." मग ती पाठीवर सरकत गाडीखाली आली आणि मला पाहिलं. "टेप? बाबा, प्लंबर कधीपासून झालात?"

ती बाहेर आली तेव्हा मिस्त्रींनी उजवा हात तिच्यासमोर धरला. "करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. झोपल्यासारखी झालीत. तो बस म्हणाला असेल, मला ऐकू आलं नाही."

"किती दिवस?"

"दोन महिने."

"आणि मला आज सांगताय."

"काय सांगू पोरी? हाताने काम करणाऱ्याचा हातच गेला म्हटल्यावर उद्या गाडी कोण आणेल आपल्याकडे?"

लेकीने त्यांची ती दोन बोटं दाबून पाहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मी नवे आटे पाडते, आत पोलादी बुश बसवते. ताई यायच्या आत होईल. कोणाला कळायचंही नाही."

"कळू नये म्हणूनच तर टेप गुंडाळली होती," मिस्त्री म्हणाले. "तू काम कर. सांगायचं माझ्याकडे."

तेल पुन्हा काढलं. मी बाहेर आलो आणि ट्रेमध्ये पडून सगळं पाहिलं. तिने भोक मोठं केलं, आटे पाडायच्या टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं म्हणजे धातूचा कीस त्यात अडकेल. मिस्त्री शेजारी जमिनीवर बसले होते. "अर्धा फेरा पुढे, पाव मागे. कीस तुटू दे. घाई केलीस तर टॅपच आत तुटेल."

"तुम्ही बोलत राहिलात तरी तुटेल."

मिस्त्री पहिल्यांदा थोडे हसले. बुश, म्हणजे आतून आटे असलेली पोलादी नळी, आत बसलं. थोडं तेल ओतून चेंबर धुतलं, उरलेला कीस वाहून गेला. मग नवा नट, नवं वॉशर. लेकीने डोळे मिटले.

"काय म्हणतोय?" मिस्त्रींनी विचारलं.

"अजून काही नाही." थोडी थांबली. "आता म्हणाला."

ती अजून खालीच होती तेव्हा ताई आल्या. मिस्त्री उठून उभे राहिले आणि काही लपवलं नाही. आटे, टेप, बोटं, सगळं सांगितलं. सकाळी 'अजिबात नाही' म्हणालो तेव्हा बोटं सुन्न आहेत हे माहीत होतं, हेही सांगितलं.

ताई म्हणाल्या, "मी तुमच्या शब्दावर घाट उतरणार होते, मिस्त्री."

"हो."

"यापुढे माझी गाडी कोण करणार?"

"ही करेल. मी शेजारी बसेन."

ताईंनी मान डोलावली. मग पदर खोचून त्या गुडघ्यावर बसल्या आणि गाडीखाली वाकून नवा नट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. नऊ वर्षांत त्या कधी वाकल्या नव्हत्या. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं नाही.

नंतर मिस्त्रींनी गाडीतली तेलबदलाची वही मागितली. पेन नीट धरता येत नव्हतं, अक्षर तिरकं गेलं. लिहिलं: आटे माझ्या हाताने गेले. नवे लेकीने पाडले. खाली सही.

मी आता गॅरेजच्या खिडकीत असतो. अंगावरची चंदेरी तार अजून निघालेली नाही आणि मला कोणी कुठल्या गाडीला लावणार नाही. रोज सकाळी मिस्त्री मला उचलून करंगळीने माझे आटे चाचपतात. एखाद्या दिवशी त्यांना जाणवतात, एखाद्या दिवशी नाही. गाड्या थोड्या कमी झाल्या आहेत. ताईंची येते.

तुमच्याकडे नोंदीची एखादी वही असेलच, कागदाची किंवा मनातली. माझं एवढं ऐका. हिशेब प्रामाणिक ठेवा. जे बसवलंत ते लिहाच, पण जे तुमच्या हातून गेलं तेही त्याच पानावर, त्याच शाईने लिहा.