फोटोत न बसलेले हात

"हे हात कुणाचे?" काकूंनी विचारलं.

लेकीने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "कुठले?"

"आपल्या बेकरीच्या पेजवर पीठ मळतायत ते. नखांना रंग लावून मी कधी पीठ मळलं गं?"

दुपारची भट्टी उतरली होती. संध्याकाळच्या पावाचं पीठ ओल्या फडक्याखाली फुगत होतं. नवऱ्याचा जुना फोन परवाच काकूंच्या वाट्याला आला होता आणि आज पहिल्यांदाच त्या निवांतपणे आपल्याच बेकरीचं पेज बघत होत्या. लेक एका जाहिरातीच्या ऑफिसात कामाला होती. लोकांचे फोटो मापात बसवून देणं, हे तिचं काम. प्रोफाइलला गोल, पोस्टला चौकोनी नाहीतर उभा, वरच्या पट्टीला लांबट आडवा. सुट्टीच्या दिवशी ती पीठ मळायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून घरच्या बेकरीचं पेजही सांभाळायची.

"तो नेटवरचा फोटो आहे, आई. फुकट मिळतो. सगळेच वापरतात."

"मग तू माझे काढलेस ते कुठे गेले? ट्रे ओढताना काढलास, पीठ मळताना काढलास. चांगलं अर्धा तास 'इकडे बघ, तिकडे बघ' चाललं होतं."

"आहेत की. हा बघ तुझा."

फोटोत काकू हसत होत्या. गालाला पीठ लागलेलं. समोर तांबूस पावांची रांग. आणि मनगटाच्या जरा वर फोटो संपला होता.

"पुढचं कुठे गेलं?"

"चौकोनात बसत नव्हतं."

"माझी मान बसली. पाव बसले. मागची पिठाची गोणीसुद्धा बसली. हात तेवढे बसले नाहीत?"

लेकीने लॅपटॉप मिटला. "पहिल्या आठवड्यात अख्खाच टाकला होता मी. खाली एका बाईने लिहिलं, या हातांचं मुलांना खायला घालायचं का? तिला बघून आणखी दोघी बोलल्या. वाढदिवसाचा एक केक रद्द झाला. मी सगळं काढून टाकलं. तुला कशाला सांगायचं?"

काकूंनी हात टेबलावर ठेवले. बोटांपासून कोपरापर्यंत पांढरे डाग पसरले होते, मधूनमधून मूळचा सावळा रंग उरलेला. पहिला डाग आला तेव्हा ही लेक रांगत होती. अंगठीशेजारी ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका. भाजलं असेल म्हणून काकूंनी दुर्लक्ष केलं. डॉक्टर म्हणाले, कोड आहे, दुखत नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही. पण डॉक्टरचं बोलणं डॉक्टरच्या खोलीतच राहिलं. तेव्हा काकू गल्ल्यावर बसायच्या. गिऱ्हाइकांशी चेष्टामस्करी करायच्या, कुणाच्या घरी पाहुणे आलेत हे त्यांना पावाच्या मागणीवरून कळायचं. एक दिवस सासरे म्हणाले, "सूनबाई, तू आतलं बघ. तुझ्या हाताला चव आहे." बोलणं गोड होतं. त्याच महिन्यात गल्ला आणि भट्टी यांच्यामध्ये भिंत आली, आणि ट्रे बाहेर सरकवायला तिच्यात एक खिडकी. नवरा तेव्हा काहीच बोलला नाही. नंतरही नाही. सासरे गेले, भिंत राहिली.

"तुझ्या आजोबांनी निदान विटा तरी आणल्या होत्या," काकू म्हणाल्या. "तुझं बोटानेच भागलं."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तुझ्यासाठीच केलं गं."

"माहीत आहे. त्यांनीही माझ्यासाठीच केलं होतं. आता डोळे पूस आणि तो अख्खा फोटो लाव."

"आई, धंदा बसेल."

"बसू दे. मी इतकी वर्षं उभीच आहे."

लेकीला रडता रडता हसू फुटलं. तिने लॅपटॉप उघडला. अख्खा फोटो आडवा होता, चौकोनात घातला की एकतर हात जायचे नाहीतर गोणीसकट डोकं. "कापायचं नसेल तर लहान करून वरखाली रिकाम्या पट्ट्या सोडाव्या लागतील," ती म्हणाली. "वाईट दिसतं ते. ऑफिसात असं करून दिलं तर साहेब मला पट्टीसकट बाहेर काढतील."

"सोड पट्ट्या. आणि तो गोल मला करू दे."

प्रोफाइलचा गोल काकूंनी फोनवर स्वतःच्या बोटाने सरकवला. एकदा नुसती गोणी आली. एकदा अर्धा पाव आणि एक कान. बोट पिठाचं, त्यामुळे स्क्रीन मध्येच ऐकेनाशी व्हायची. त्यांनी ते पदराला पुसलं आणि पुन्हा सरकवलं. शेवटी गरम ट्रे धरलेले दोन्ही हात गोलात नीट बसले.

"चेहरा गेला, आई."

"जाऊ दे. चेहरा काय, सगळ्यांनाच असतो. आता खाली लिही. हे हात माझे आहेत. कोड आहे, ते दुसऱ्याला होत नाही. या गल्लीने इतकी वर्षं याच हातांचा पाव खाल्लाय. सकाळी सहाला गरम मिळेल."

लेकीने लिहिलं. बटण मात्र काकूंनी दाबलं.

संध्याकाळी नवरा फोन हातात घेऊन खिडकीशी आला. "अगं, मला विचारायचं तरी! शाळेच्या कँटीनवाल्याचा निरोप आलाय, उद्यापासून पाव नको म्हणे. आठ दिवस काढून ठेव तो फोटो. लोक विसरतात."

"लोक विसरले म्हणूनच मी आत राहिले, अहो."

"म्हणजे तू ऐकणार नाहीस."

"नाही. आणि उद्या भट्टी तुम्ही बघा. गल्ल्यावर मी बसते."

नवऱ्याला वाटलं, रागात बोलते आहे. पण सकाळी तो उठून आला तेव्हा काकू पुढच्या स्टुलावर बसल्या होत्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. तो भट्टी बघायला आत गेला.

पहिला माणूस दारापर्यंत आला, खिशातला फोन वाजल्यासारखं करून वळला. दुसऱ्याने पाव घेतला आणि हातांकडे बघायचं नाही म्हणून छताकडे बघत राहिला. तिसरी आली ती समोरच्या इमारतीतली, रोजची. "काका नाहीत?"

"आत आहेत. पाव भाजतायत. अर्धवट निघाला तर सांभाळून घ्या."

ती हसली नाही. काकूंनी पुडी पुढे केली. बाईने काउंटरकडे बोट दाखवलं. "तिथे ठेवा ना."

"हातातून घ्या," काकू म्हणाल्या. "नाहीतर राहू द्या."

"अहो, मी काही म्हणत नाहीये. घरात लहान मूल आहे, म्हणून आपलं..."

"तुमचं मूल दात आल्यापासून माझी बिस्किटं खातंय, बाई. त्याला काही झालंय का?"

पुडी दोघींच्या मध्ये धरलेली राहिली. आतून नवऱ्याचं ट्रे आपटणं ऐकू येत होतं. बाई थोडी घुटमळली, मग पदर सावरून निघून गेली. काकूंनी पुडी तशीच शेल्फवर ठेवली. हात त्यांनी काउंटरखाली नेले नाहीत.

दिवसभर असंच चाललं. कोणी आलं, कोणी रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात गेलं. पेजवर कोणी शिव्या लिहिल्या, कोणी शाबासकी. एका अनोळखी मुलीने काही न लिहिता स्वतःच्या डागाळलेल्या पायांचा फोटो टाकला. लेकीने तो ऑफिसातून पाठवला तेव्हा काकूंनी तो बराच वेळ पाहिला आणि उत्तरात एवढंच लिहिलं, "सुरेख."

अंधार पडायच्या सुमाराला शेल्फ अर्धं भरलेलं होतं. एरवी या वेळेला तिथे चुरासुद्धा नसायचा. नवरा आतून घाम पुसत आला. पुढे केवढा पाव उरलाय ते त्याने पाहिलं आणि शटरच्या आकड्याला हात घातला.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "दिवा लावा."

त्याने दिवा लावला. काकूंनी उरलेला एक पाव घेतला, सुरीने जाड तुकडा कापला आणि काउंटरवरून त्याच्यापुढे धरला. ऑफिसं सुटली होती. रस्ता माणसांनी भरला होता आणि उजेडातल्या दुकानाकडे जाता जाता प्रत्येकाची नजर वळत होती. नवऱ्याने एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग तो काउंटरला वळसा घालून तिच्या बाजूला आला, दुसरं स्टूल ओढून बसला आणि तिच्या हातातून पाव घेतला.

"मीठ जास्त झालंय माझ्याकडून," चावता चावता तो म्हणाला.

"झालंय खरं," काकू म्हणाल्या, आणि आपल्यासाठी तुकडा कापू लागल्या.