वायर धरणारी बोटं

घाटावरच्या मेकॅनिकला सगळे झटकेबाबा म्हणत. बोटीच्या जुन्या इंजिनातली ठिणगी पाडणारी कॉइल तपासायला त्यांना मीटर लागत नसे. त्यांनी प्लगची वायर बोटांत धरायची, त्यांच्या मुलीने इंजिन फिरवायची दोरी ओढायची. झटका बसला तर कॉइल जिवंत, नाही तर भंगारात. शहाण्या माणसाने असले उद्योग करू नयेत, पण बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आज नावाड्याचं इंजिन आलं होतं. मुलीने दोरी ओढली. बाबांच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही.

"गेली," ते म्हणाले.

नावाड्याचं तोंड एवढंसं झालं. असली कॉइल आता बाजारात मिळत नव्हती, म्हणजे नाव बंद. तो बाहेर पायरीवर जाऊन बसला.

मुलीच्या मनात मात्र पाल चुकचुकली. हल्ली भंगाराची पाटी फार लवकर भरत होती. शिवाय परवा बाबांनी तापलेलं पातेलं फडक्याशिवाय उतरवलं आणि हूं की चूं केलं नव्हतं. ते पाणी प्यायला आत गेले तशी तिने वायरला प्लग लावला, लोखंडाला टेकवला आणि दोरी ओढली. चांगली जाड, निळी ठिणगी पडली. कॉइल ठणठणीत होती, गेली होती ती बोटं.

चारचौघांत बाबांची शोभा करायची तिची तयारी नव्हती. ते परतले तेव्हा ती कॉइलकडे येणारी खालची वायर सोडवून पॉलिश पेपरने घासत होती.

"जोड गंजला होता, बाबा. आता नक्की चालेल. धरा पुन्हा."

नावाडी आशेने आत आला. बाबांनी प्लगची वायर धरली. तिने दोरी ओढली.

"आई गं!" हात झटकत बाबा टुणकन मागे सरले. "जिवंत आहे की रे. घेऊन जा तुझं इंजिन."

नावाडी मनापासून हसला. मुलीला हसू आलं नाही. घासलेली वायर अजून तिच्या डाव्या मुठीतच होती, ती परत जोडायची राहूनच गेली होती. झटका बसणं शक्यच नव्हतं.

म्हणजे बोटं बधिर झाल्याचं बाबांना ठाऊक होतं. कधीपासून, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. तिला त्यांची फार दया आली आणि थोडा रागही आला. तिने गुपचूप वायर जोडली, स्क्रू आवळला आणि नावाड्याला वाटेला लावलं.

"जोरात बसला का?" तिने विचारलं.

"चांगलाच," बाबा बोटांवर फुंकर घालत म्हणाले.

"यापुढे दोरी तुम्ही ओढा. वायर मी धरते."

बाबांची फुंकर थांबली. त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं.

"फार लागतं गं," ते म्हणाले.

"लागू दे."