डिकीतली शिट्टी

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी गाडीत शिट्टी वाजली आणि ती फक्त मुलीला ऐकू आली.

गाडी घरचीच, दुकानासमोर उभी. लोकांच्या गाड्यांत स्पीकर बसवण्यात वडिलांची एकतीस वर्षं गेली होती. आज डिकीत अँप्लिफायर, दारांत चार स्पीकर, मागे सबवूफर, सगळं त्यांनी एकट्याने जोडलं होतं. अटही त्यांचीच. या गाडीचा आवाज स्वतःच्या कानाने जुळवता आला तर दुकान चालू, नाहीतर सोमवारपासून शटर खाली. गेल्या महिन्यात दोन गिऱ्हाइकं 'शिट्टी येते' म्हणत परत आली होती आणि दोन्ही वेळा वडिलांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

"कसली शिट्टी?" ते म्हणाले. "लोण्यासारखा आवाज आहे."

"इंजिन वाढवलं की वाढते, बाबा. कानाशी डास आल्यासारखी."

"मग डासच असेल."

"चारही दारांतून एकदम?"

वडिलांनी मीटर काढला. शिट्टी इंजिनाबरोबर चढते म्हणजे अर्थिंग कच्चं, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. अँप्लिफायरची अर्थिंगची काळी वायर डिकीतल्या एका बोल्टला घट्ट आवळलेली होती. बोल्ट चकचकीत, हिरवागार.

"याला रंग कोणी दिला?" मुलीने वाकून विचारलं.

वडिलांनी मान खाजवली. "मीच. दोन वर्षांपूर्वी. गंज नको म्हणून दोन हात मारले."

"म्हणजे तुमच्या टापटिपीनेच घात केला. रंगातून वीज जाणार कशी?"

"आईवर गेलीस," म्हणत त्यांनी बॅटरी सुटी केली आणि पॉलिश पेपर घेऊन बसले. बोल्ट आणि खालचा पत्रा उघडा पडेपर्यंत घासला. वायर पुन्हा आवळली, तेव्हा मीटरचा काटा शून्याशी आला.

बॅटरी जोडून ते मागच्या सीटवर बसले. "गाणं नको, नुसता स्टीरिओ चालू ठेव. मी डोळे मिटतो. तू इंजिन वाढव. शिट्टी आली की बोट वर करीन."

तिने पुढे बसून इंजिन सुरू केलं आणि ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. शिट्टी बरीच ओसरली होती, पण केसाएवढी उरली होती. तिने आरशात पाहिलं. बोट वर होतं.

तिला हायसं वाटलं, आणि लगेच मनात किडा वळवळला. इंजिनाची घरघर तर त्यांना ऐकू येतेच. मग बोट शिट्टीला उठलं की घरघरीला?

तिने हळूच स्टीरिओ बंद केला. त्याबरोबर अँप्लिफायरही बंद झाला. आता शिट्टी येणं शक्यच नव्हतं. तिने पुन्हा पाय दाबला, आधीइतकाच, आणि नजर आरशात रोखली.

दहा वाजून बावन्न मिनिटं झाली होती. वडिलांचे डोळे मिटलेले, हात मांडीवर. बोट जरासं हललं. वर गेलेलं नव्हतं, अजून तरी.