घरगाडीच्या टपावरचा भित्रा एसी

मित्रांनो, तुमच्याकडचा एसी भिंतीवर असतो. मी मात्र टपावर बसायचो, तेही चालत्या गाडीच्या. आता जुना झालो आहे आणि अंबरपेठेतल्या एका गॅरेजच्या कोपऱ्यात जमिनीवर पडून आहे. माझी गोष्ट शूराची नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी जन्माचा भित्रा. कारखान्यात मला पहिल्यांदा सुरू केलं, तेव्हा स्वतःच्याच आवाजाने मी दचकलो होतो.

मला विकत घेतलं विद्यानगरच्या नामदेवरावांनी. ते सरकारी पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांच्या पत्नी इंदुताई जामबागच्या एका मराठी शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवायच्या. निवृत्तीनंतर दोघांनी देश बघायचा असं ठरलं होतं. पण इंदुताईंना मज्जातंतूंचा आजार झाला. पायांतली शक्ती गेली, आणि त्यांना उकाडा अजिबात सोसेना. जरा उष्मा वाढला की हात लुळे पडायचे, जीभ जड व्हायची. मग नामदेवरावांनी एक लांबलचक गाडी घेऊन तिचं घर करून घेतलं. आत पलंग, छोटा ओटा, न्हाणीघर, सगळं. सगळेजण तिला घरगाडी म्हणायचे.

त्या घरगाडीच्या टपाला चौकोनी भोक पाडून, कडेने रबराचं जाड पॅकिंग ठेवून, मला वर बसवलं. आतून, म्हणजे छताच्या बाजूने, एक लोखंडी चौकट लावली आणि चार लांब बोल्टांनी मला आवळून टाकलं. माझं वजन पंचेचाळीस किलो. मला धरून ठेवणारं काय, तर चार बोल्ट आणि टपातलं लाकूड. आणि माझ्या बरोबर खाली इंदुताईंचा पलंग.

सुरुवातीची वर्षं फार छान गेली. आम्ही बिदरला गेलो, नांदेडला गेलो, एकदा तर थेट समुद्रापर्यंत गेलो. इंदुताई उताण्या पडून माझ्या जाळीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "आहेस ना रे बाबा? मग मला काही होत नाही." हे ऐकून मला इतका आनंद व्हायचा की मी आणखी जोरात गार वारा सोडायचो.

आता नामदेवरावांची एक सवय सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. चाळीस वर्षं त्यांनी पाण्याचे मोठमोठे व्हॉल्व्ह सांभाळले होते. व्हॉल्व्ह गळायला लागला की त्याचं पॅकिंग आवळायचं, की गळती थांबते. हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. प्रत्येक प्रवासाआधी ते चाकापुढे नारळ फोडायचे, हात पुसायचे आणि पाना घेऊन आत यायचे. माझ्या चारही बोल्टांना अर्धा अर्धा फेरा द्यायचे. "चला, आता शिवशिव म्हणत निघा!" असं म्हणून पाना जागच्या जागी ठेवायचे. ही त्यांची पूजाच होती म्हणा ना.

पण मी काही पाण्याचा व्हॉल्व्ह नव्हतो. रबराचं पॅकिंग थोडं दबलं तर पाणी अडवतं, आणि फार दबलं तर चपटं होऊन मरतं. चौथ्या पावसाळ्यापर्यंत माझं पॅकिंग पापडासारखं झालं. पाणी हळूच आत झिरपू लागलं. थेंब पडला की नामदेवराव अर्धा फेरा द्यायचे. थेंब आठवडाभर थांबायचा, कारण आता ते पाणी खाली पडण्याऐवजी लाकडात मुरायचं. ते मला कळत होतं. माझ्या बुडाखालचं लाकूड दर महिन्याला मऊ होत चाललं होतं.

मग मी आरडाओरडा का केला नाही? सांगतो. मला लाज वाटते, पण सांगतो. त्यांची मुलगी प्रणिता आयटीत नोकरी करायची आणि गाडीही तीच चालवायची. ती दर उन्हाळ्यात म्हणायची, "बाबा, हा फार जुना झालाय. रिप्लेस करूया ना, प्लीज." हे ऐकलं की माझं धाबं दणाणायचं. मला वाटायचं, ही पोरगी माझ्या वाईटावर टपली आहे. मग मी जिवाच्या आकांताने गारवा सोडायचो. नामदेवराव हात वर करून वारा बघायचे आणि म्हणायचे, "अगं, बघ तरी! नव्या नवरीसारखा चालतोय. कायकू बदलायचा?" प्रणिता विषय सोडून द्यायची, आणि मी सुटलो म्हणून खूश व्हायचो. मित्रांनो, मी दुखणं लपवलं. टाकून देतील या भीतीने लपवलं.

इंदुताईंच्या मात्र लक्षात आलं होतं. दिवसभर छताकडे बघणाऱ्या माणसाच्या नजरेतून काय सुटणार? एके दिवशी त्या म्हणाल्या, "अहो, ही चौकट तिरकी झालीय. डावीकडे फट आहे, उजवीकडे नाही."

"तुला भास होतोय, इंदू."

"तीस वर्षं भूमिती शिकवली मी. काटकोन आहे की नाही, एवढं कळतं मला."

नामदेवराव हसले आणि त्यांनी डाव्या बाजूला एक फेरा जास्त दिला. त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

या मे महिन्यात इंदुताईंच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला. सभागृह वरच्या मजल्यावर होतं, म्हणून विद्यार्थ्यांनीच निरोप पाठवला, बाई, तुम्ही गाडी शाळेच्या दारात उभी करा, आम्ही तुमच्याकडे येतो. इंदुताईंनी आठ दिवस आधी साडी काढून ठेवली. निघायच्या दिवशी सकाळी नारळ फुटला, नामदेवराव पाना घेऊन आले, आणि तिसऱ्या बोल्टाला फेरा देताना लाकडातून आवाज आला. कट्ट! नामदेवराव म्हणाले, "बसला नीट." काही बसलं नव्हतं हो, तुटलं होतं.

विद्यानगर ते जामबाग हे अंतर ते किती! पण मला ते संपता संपेना. प्रत्येक खड्ड्याला मी जीव मुठीत धरत होतो. खाली इंदुताईंचं कपाळ दिसत होतं, आणि मी मनात एकच घोकत होतो, आत्ता नको, आत्ता नको.

शाळेच्या दारात गाडी थांबली. बाहेर बेचाळीस अंश ऊन. पन्नाशीचे विद्यार्थी एकेक करून आत यायला लागले. कोणी पाया पडत होतं, कोणी रडत होतं. इंदुताई तर हरखून गेल्या होत्या. "तू तो, वर्तुळाच्या प्रत्येक जीवेला व्यास म्हणणारा!" असं एका टक्कल पडलेल्या गृहस्थाला म्हणाल्या, तेव्हा सगळी गाडी हसली. माणसं वाढली तसा उकाडा वाढला, आणि मला जास्त जोर लावावा लागला. मी जोर लावला की थरथरतो. मी थरथरलो की ते कुजकं लाकूड आणखी फाटतं. मी करंगळीच्या रुंदीएवढा खाली आलो. भुसा झाला होता लाकडाचा; तो इंदुताईंच्या चहात पडला.

त्यांनी कप बघितला, मग वर बघितलं. "अहो, चौकट खाली येतेय."

"आत्ताच तर आवळलाय, इंदू. पाहुणे आहेत, घाबरवू नकोस."

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं ते कसं सांगू? चालत राहिलो तर मी त्यांच्या अंगावर पडणार. बंद पडलो तर उकाड्याने त्यांचा जीव जाणार. आणि बंद पडलो की माझी रवानगी भंगारात, ते तर ठरलेलंच. मी इतका घाबरलो की घाबरायचंही सुचेना. शेवटी, उकाडा झाला तर कोणीतरी त्यांना बाहेर तरी नेईल, एवढ्या आशेवर मी कॉम्प्रेसर थांबवला. एक घरघर केली आणि गप्प झालो.

नामदेवराव माझी बटणं दाबत राहिले, पण मी सुरू झालो नाही. पाच मिनिटांत काचा उन्हाने तापल्या. दहा मिनिटांत इंदुताईंचा हात पलंगावरून खाली लोंबला. त्या काहीतरी म्हणाल्या, पण शब्द नीट फुटले नाहीत. मला वाटलं, संपलं, मीच मारलं यांना.

प्रणिता किंचाळली, "सगळे बाहेर! आईला आधी बाहेर काढा!" चार विद्यार्थ्यांनी चादरीची झोळी करून इंदुताईंना उचललं आणि शाळेच्या दगडी व्हरांड्यात नेलं. ओले टॉवेल, बर्फ, पंखे, धावपळ. मला वरून काही दिसत नव्हतं, फक्त प्रणिताचं "आई, बोल ना, आई" ऐकू येत होतं. ती अर्धी घटका मी कधी विसरणार नाही. मग इंदुताईंचा खोल गेलेला आवाज आला, "अगं, ओरडू नकोस. मी आहे."

तोवर प्रणिताने फोन करून बोलावलेली भाग्यलक्ष्मी अंबरपेठेतल्या तिच्या गॅरेजमधून आली. गाड्यांचे एसी बसवण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही. तिने पलंगावर उभं राहून चौकटीला नुसता हात लावला आणि झटकन मागे सरली. "कोई अंदर नक्को आना!" मग खालून टेकू लावला, शिडीने टपावर चढली, दोरांनी मला बांधलं आणि बोल्ट काढून तिच्या माणसांकरवी मला उचललं. माझ्याखालचं लाकूड बघताच तिने नामदेवरावांना हाक मारली.

"अय्यो सार! ऊपर आके देखो जी, ये क्या हुआ."

चौऱ्याहत्तर वर्षांचे नामदेवराव शिडी चढले. त्यांनी लाकडावर बोट टेकवलं. बोट पेरापर्यंत आत गेलं, ओल्या केकमध्ये जावं तसं.

"सार, आप जितना टाइट किये, उतना ये दबा. और दो-चार दिन, बस."

खाली उतरून ते व्हरांड्यात इंदुताईंपाशी गेले. बोटाला अजून भुसा चिकटलेला होता. "इंदू, तुझ्यावर मीच पाडत होतो गं त्याला. दर वेळी अर्धा फेरा."

"मी सांगत होते," इंदुताई म्हणाल्या. मग त्यांचा हात धरून म्हणाल्या, "तुम्ही ऐकत नव्हतात. आता ऐका म्हणजे झालं."

पुढच्या आठवड्यात याच गॅरेजात कुजका टप कापून नवा बसवला, वर नवं पॅकिंग आणि नवा एसी. पॅकिंग निम्मं दबलं तशी भाग्यलक्ष्मी थांबली. "बस सार, अब हाथ नक्को लगाना." नामदेवरावांचा हात पान्याकडे गेला होता. इंदुताईंनी चाकांच्या खुर्चीतून नुसतं "अहो" म्हटलं. त्यांनी पाना खाली ठेवला.

जाताना इंदुताईंनी खुर्ची माझ्याजवळ आणायला लावली. इतकी वर्षं त्यांनी माझी फक्त जाळी पाहिली होती. माझ्या पाठीवर हात फिरवत त्या म्हणाल्या, "अगंबाई, एवढा मोठा होतास होय रे तू? आणि वेळेवर थांबलास." थांबलो म्हणून माझं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्याजवळचं काही गळत असेल, कुरकुरत असेल, तर नुसतं आवळू नका. वर चढून बघा. पलंगावर पडलेलं माणूस छत तिरकं झालंय म्हणालं तर त्याला भास झालाय म्हणू नका. आणि तुमचं स्वतःचं काही दुखत असेल तर टाकून देतील म्हणून माझ्यासारखं लपवू नका. परवा भाग्यलक्ष्मी मला मोडून माझं तांबं काढून घेणार आहे. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण आता माझ्या खाली कोणी झोपलेलं नाही.