तिरक्या रेघेचं कपाट

माणसांच्या बोलण्यात घोळ होतो, रेखाचित्र मात्र कधीच कुणाची दिशाभूल करत नाही. हे सत्य काटकोनरावांनी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात बत्तीस वर्षं उराशी बाळगलं. निवृत्तीनंतर तिसऱ्याच महिन्यात एका सुताराने ते पट्टीने मोजून निकालात काढलं.

काटकोनराव हे अर्थातच ऑफिसने ठेवलेलं नाव. त्यांच्या बायकोला मोठ्या पातेल्यांसाठी स्वयंपाकघरात एक बुटकं कपाट हवं होतं, आणि ती दुकानात तयार कपाट पाहूनही आली होती. "मी घरात असताना तयार?" असं म्हणून काटकोनराव पेन्सिलींना टोकं काढत बसले. शेवटी बायको कबूल झाली, पण एका अटीवर. पातेली मावली नाहीत, तर हॉलमध्ये ऐसपैस पसरलेलं त्यांचं ड्रॉइंगचं टेबल तिथून हलेल. त्या टेबलावर त्यांचा बायकोखालोखाल जीव होता. निदान तिच्यासमोर तरी खालोखाल.

चार दिवस खपून त्यांनी कपाट तिरकस प्रक्षेपात काढलं. यात वस्तूचं तोंड जसंच्या तसं मापात काढतात आणि खोली दाखवणाऱ्या रेघा तिरक्या मागे नेतात. त्या रेघा पूर्ण लांबीच्या काढल्या तर कपाट बोगद्यासारखं दिसतं, म्हणून त्या निम्म्या काढायच्या. हे शेंबडं पोरही जाणतं, म्हणून काटकोनरावांनी ते कुठे लिहिलं नाही. आकड्यांनी चित्राची शोभा जाते, म्हणून आकडेही घातले नाहीत. कोपऱ्यात सुबक अक्षरात फक्त 'प्रमाण एकास दहा'.

चित्र सुतार मिस्त्रीच्या हाती दिलं, आणि आठवड्याने तो कपाट घेऊन आला. पॉलिश असं, की त्यात बघून भांग पाडावा. बायकोने सर्वांत मोठं पातेलं आत सरकवलं. निम्मं गेलं. निम्मं बाहेर राहून सगळ्यांकडे बघत बसलं.

"अहो, हे कपाट आहे की भिंतीला लावलेलं दार?"

"मिस्त्री, हे साठ सेंटिमीटर खोल हवं होतं!"

"साहेब, तुमच्या रेघेवर पट्टी ठेवली. तीन भरली. दहापट केली, तीस. मिलिमीटर इकडेतिकडे निघाला तर कान धरा माझा."

"अहो, ती रेघ तिरकी आहे! तिरकी निम्मी काढतात."

"का बरं?"

"पूर्ण काढली तर कपाट फार खोल दिसतं."

"मला खोलच हवं होतं," बायको म्हणाली.

"म्हणजे वहिनी, साहेबांना ठाऊक होतं रेघ खोटी आहे ते."

"खोटी नव्हे! डोळ्याला खरी वाटते."

"मी डोळ्यांचं काम घेत नाही साहेब. लाकडाचंच घेतो."

बायको इतकी हसली, की तिला पातेल्यावरच टेकावं लागलं. मग तिने डोळे पुसले आणि निकाल दिला. मिस्त्रीने टेबलाचं एक टोक धरलं, काटकोनरावांनी जड मनाने दुसरं. टेबल हॉलमधून निघालं ते थेट स्वयंपाकघरात, आणि कपाट हॉलमध्ये आलं.

"आणि मी चित्रं कुठे काढू?"

"कपाटावर काढा की. तुम्हाला निम्म्यात भागतं."

टेबल पंच्याहत्तर सेंटिमीटर रुंद आहे. त्यावर पातेली मावतात.